मागील पानावरून पुढें

जून महिना उजाडला आणि शाळांच्या घंटा वाजूं लागल्या, कीं आमच्या जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवांतील सेवामंडळांच्या उत्साहास भरतें येतें. कोठें वह्यांचें वाटप होतें, कोठें दप्तरें दिलीं जातात, कोठें दातांची तपासणी होते, तर कोठें रोपें लावलीं जातात. समारंभाचा वृत्तान्त व त्यासोबत एक छायाचित्र वर्तमानपत्रांकडे येतें. त्यांत मान्यवरांची रांग उभी असते आणि तिच्यापुढें हातांत वही धरून एखादा अवघडलेला मुलगा. असे वृत्तान्त आनंदानें छापले जातात व ते छापले जावेत, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्या मुलाचें पुढें काय झालें, तो मार्च महिन्यापर्यंत शाळेंत टिकला, कीं दिवाळी सरतांच आईबापांबरोबर ऊसतोडीस अथवा वीटभट्टीवर निघून गेला, हें सांगणारा वृत्तान्त मात्र कोणीच पाठवीत नाहीं. आज त्या न येणाऱ्या वृत्तान्ताविषयींच आम्हांस लिहावयाचें आहे.

प्रथम एक खुलासा करणें अवश्य आहे. रोटरी, लायन्स, जायंट्स इत्यादि मंडळें म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांचे भोजनसंघ होत, अशी थट्टा करणारा एक वर्ग आमच्यांत आहे. त्या वर्गांत आम्ही नाहीं. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाच्या एका वकिलानें एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक शिंपी यांस एकत्र केलें. सभा पाळीपाळीनें एकमेकांच्या कचेरींत भरत, म्हणून मंडळास रोटरी हें नांव पडलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या जून महिन्यांत पुण्यास नामदार गोखले यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. गोखल्यांच्या समाजानें सभासदांकडे सबंध आयुष्य मागितलें. शिकागोच्या मंडळानें धंदा सांभाळून उरलेला वेळ मागितला. सर्वस्व देणारे लोक कोणत्याही काळीं थोडेच असावयाचे. उरलेला वेळ देणारे पुष्कळ मिळूं शकतात, आणि तो वेळ नीट जोडतां आला तर त्यांतूनही मोठें काम उभें राहतें. मुंबईंत १९२९ सालीं रोटरी क्लब निघाला, १९५६ सालीं लायन्स क्लब आला, आणि १९७२ सालीं नाना चुडासमा यांनीं मुंबईंतच जायंट्स या मंडळाचा पाया घातला. आज महाराष्ट्रांत व्यापारपेठेचें असें गांव विरळाच, कीं जेथें यांपैकीं एखादें मंडळ नाहीं. एवढी मोठी शक्ति गांवोगांव उभी असतां तिच्याकडून अपेक्षा न करणें हाच तिचा खरा अपमान होय.

त्या शिकागोच्या मंडळानें १९०७ सालीं हातीं घेतलेलें पहिलें लोकोपयोगी काम कोणतें होतें, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. भर वस्तींत सार्वजनिक शौचकूप बांधविण्याचें तें काम होतें. या कामांत हारतुऱ्यांस वाव नव्हता आणि छायाचित्रास शोभा नव्हती. लोकांची अडचण होती, म्हणून तें काम निवडलें गेलें. काय दिल्यानें आपण चांगले दिसूं, असा प्रश्न त्या सभासदांनीं केला नाहीं. रस्त्यांतून जाणाऱ्या माणसाची अडचण कोणती, हें त्यांनीं पाहिलें. आमच्या मंडळांच्या आरंभींच हा धडा गिरविलेला आहे. तो मध्यें कोठें तरी पुसट झाला.

तो पुसट कां झाला याचा विचार करतां आम्हांस जें कारण दिसतें, तें सभासदांच्या मनांत नसून मंडळांच्या रचनेंत आहे. या मंडळांचा अध्यक्ष एका वर्षापुरता असतो. १ जुलै रोजीं नवा अध्यक्ष सूत्रें हातीं घेतो आणि पुढील जूनअखेर तीं खालीं ठेवितो. सत्ता एकाच्या हातीं साचूं नये म्हणून ही पद्धत उत्तम खरी. पण तिचा दुष्परिणाम असा होतो कीं, प्रत्येक अध्यक्षास आपल्या नांवाचा निराळा उपक्रम हवा असतो. गेल्या वर्षीं वाचनालय निघालें असेल, तर यंदा पाणपोई निघते. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हें पुढील वर्षीं कोणासच सांगतां येत नाहीं. बारा महिन्यांत आरंभ, समारंभ व समाप्ति हीं तिन्ही उरकावयाचीं असल्यामुळें जें काम एका दिवसांत होतें तेंच निवडलें जातें. आणि एका दिवसांत होणारें काम म्हटलें, कीं वाटप आलेंच.

आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों: आपली पेढी अशा रीतीनें एक वर्ष तरी चालेल काय? लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण नव्या वहीची पूजा करतां. परंतु जुन्या वहींतील येणें व देणें नव्या वहींत उतरवून घेतल्यावांचून कोणताही शहाणा दुकानदार व्यवहारास हात घालीत नाहीं. मागील पानावरून पुढें, हे तीन शब्द ज्या वहींत नाहींत ती वही खोटी, हें मुनिमाच्या हाताखालच्या पोरासही समजतें. मग दुकानांत जी गोष्ट आपण पोरासही शिकवितां, ती सेवेच्या वहींत कशी विसरतां?

हें जमण्यासारखें नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये; कारण याच मंडळांनीं तें एकदां जगास करून दाखविलें आहे. १९८५ सालीं रोटरीनें मुलांस पोलिओची लस पाजण्याकरितां १२ कोटि डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला, आणि १९८८ पर्यंत २४ कोटि ७० लाख डॉलर जमविले. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य सभेनें पोलिओच्या निर्मूलनाचा ठराव केला. आमच्या देशांत १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे दिवस पाळले जाऊं लागले. लस व यंत्रणा सरकारची होती. पण केंद्रांवर टेबल मांडून बसणें, संशयानें दार लावून घेणाऱ्या आईची समजूत घालणें, उत्तर प्रदेशांत मौलवींस सोबत घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरणें, यांत हजारों कापडदुकानदारांनीं, डॉक्टरांनीं व वकिलांनीं आपले रविवार खर्चीं घातले. तरीही २००९ सालीं या देशांत ७४१ मुलांस पोलिओनें गांठलें. चोवीस वर्षांच्या खटाटोपानंतर हा आंकडा पाहून एखाद्या नव्या अध्यक्षानें "हें जुनें काम आतां पुरे, कांहीं नवें काढूं" असें म्हटलें असतें, तर त्यास कोण दोष देता? तसें झालें नाहीं. २०१० सालीं आंकडा ४२ वर आला. २०११ सालीं एकच मूल सांपडलें, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यांतील एक मुलगी. तिच्यानंतर त्या वन्य विषाणूनें या देशांत कोणाही मुलाचे पाय लुळे केले नाहींत, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह दक्षिण-पूर्व आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त ठरला. पाकिस्तान व अफगाणिस्तान या देशांत तो विषाणू अद्याप ठाण मांडून आहे, म्हणूनच तें खातें अजून बंद झालेलें नाहीं. सव्वीस वर्षें, सव्वीस अध्यक्ष, आणि संकल्प मात्र एक! लायन्स मंडळांचेंही तसेंच. १९२५ सालीं हेलन केलर या अंध व बधिर विदुषीनें त्यांच्या अधिवेशनांत अंधांकरितां पदर पसरला, आणि तेव्हांपासून दृष्टिरक्षण हें त्या मंडळांचें काम झालें तें झालेंच.

आमच्या घरचा दाखलाही याच जातीचा आहे. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकविणें आटोपून हा गृहस्थ हिंगण्याच्या माळावर पायीं जात असे आणि गांवोगांव हिंडून वर्गणीचे रुपये दोन रुपये गोळा करीत असे. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. म्हणजे चोवीस वर्षें लहान वर्गण्यांवर काम टिकलें, त्यानंतर मोठें दान आलें. दात्याची इच्छा म्हणून विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें नांव लागलें आणि त्यांत गैर कांहींच झालें नाहीं. नांव लावण्यास आमचा विरोध नाहीं. ज्यास नांव लावावयाचें तें काम दात्याच्या मागें उरलें पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं गोरगरिबांच्या मुलांचें वसतिगृह चालविलें, तेव्हां एका अडचणीच्या वेळीं त्या मुलांच्या मुखीं घांस पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनीं गळ्यांतलें मंगळसूत्र मोडलें. त्या दानाचें छायाचित्र कोणीं काढलें नाहीं. पण रयत शिक्षण संस्थेंत शिकलेल्या पिढ्या त्याची साक्ष आहेत.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, शाळा व आरोग्य हें सरकारचें काम असून कर भरणाऱ्यांनीं तें पुन्हां कां करावें? सरकारचें काम सरकारनें करावें, हें आम्हांसही मान्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षण आणि शाळेंत मुलामुलींसाठीं निरनिराळीं शौचालयें हीं ठरवून दिलीं आहेत. परंतु शौचालय बांधलें म्हणजे तें चालतें असें नव्हे. पाण्याची टाकी कोरडी, आंतली कडी तुटलेली, झाडणाऱ्या बाईचा पगार कोणत्याच खात्यांत नाहीं, आणि म्हणून दारास कुलूप. हें दृश्य पाहण्यास फार लांब जावें लागत नाहीं. त्या कुलुपापायीं वयांत आलेली मुलगी महिन्यांतील चार दिवस घरीं राहते आणि पुढें एके दिवशीं कायमचीच राहते. सरकारच्या कामावर रोज नजर ठेवणारा शेजारी सरकारास नेमतां येत नाहीं. तो शेजारी सेवामंडळानें व्हावें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास देणें भाग पडलें आहे. तेव्हां पैशाच्या शर्यतींत गांवचें लहान मंडळ कंपन्यांस गांठूं शकणार नाहीं. त्याच्यापाशीं जें आहे तें कंपन्यांपाशीं नाहीं: गांवाची ओळख, मुख्याध्यापकांशीं बोलणें, आणि सायंकाळीं पायीं जाऊन पाहतां येईल एवढें अंतर.

दुसरा आक्षेप असा कीं, समारंभ केला नाहीं तर निधि जमत नाहीं. निधीकरितां नाटकाचा प्रयोग अथवा गाण्याची मैफल करावी. गांवास करमणूकही होईल. मात्र जमलेल्या शंभर रुपयांपैकीं मंडप, भोजन, पुष्पगुच्छ व स्मृतिचिन्हें यांत किती गेले आणि मुलांपर्यंत किती पोंचले, हें तिकीट घेणाऱ्यास कळलें पाहिजे. नोंदलेल्या न्यासांस आपला तपासलेला हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढें ठेवावा लागतोच. तोच एका पानांत वर्गणीदारांपुढें ठेवण्यास संकोच कां वाटावा? १९३२ सालीं हर्बर्ट टेलर नांवाच्या व्यापाऱ्यानें शिकागोंतील एक बुडती कंपनी सावरण्याकरितां चार प्रश्नांची कसोटी तयार केली. जें बोलतों वा करतों तें खरें आहे काय, संबंधितांपैकीं सर्वांस न्याय्य आहे काय, त्यानें स्नेह वाढेल काय, आणि सर्वांचें हित होईल काय, असे ते प्रश्न. १९४३ सालीं रोटरीनें ती कसोटी आपली म्हणून पत्करली. ती आपल्या सभासदांनीं त्या छायाचित्रास लावून पाहावी. मुलगा वही घेतांना गांवभर दिसतो. उद्यां वर्गांतील पोरें त्यास त्यावरून हिणवितात. सर्वांस न्याय्य आहे काय, या प्रश्नाचें उत्तर त्या मुलाच्या तोंडून घ्यावें. आपल्या स्वतःच्या मुलाचें असें छायाचित्र आपण छापूं दिलें असतें काय?

तेव्हां येत्या १ जुलै रोजीं सूत्रें हातीं घेणाऱ्या प्रत्येक अध्यक्षास आमची विनंती थोडक्यांत अशी आहे. मंडळानें एकच शाळा निवडावी आणि ती पांच वर्षें सोडूं नये. तसा ठराव करून पुढील चार अध्यक्षांच्याही सह्या आज ना उद्यां त्यावर घ्याव्या. काय द्यावें हें ठरविण्यापूर्वीं मुख्याध्यापक, आया आणि विशेषतः मुली यांस विचारावें. वह्या द्यावयाच्या त्या शाळेच्या हातीं द्याव्या, म्हणजे घेणाऱ्याचें नांव झांकलेलें राहील. मुलींच्या शौचालयाचें पाणी, कडी व झाडलोट यांची जबाबदारी एका सभासदावर नांवानिशीं टाकावी. दिवाळीच्या सुटीपूर्वीं कोणतीं मुलें स्थलांतरास निघणार याची यादी करावी आणि शासनाच्या हंगामी वसतिगृहांच्या योजनेचा लाभ त्यांस मिळतो कीं नाहीं हें जातीनें पाहावें. या सर्वांस पैसा फारसा लागत नाहीं. आठवड्यांतून दोन तास लागतात, व ते देणारे लोक मंडळांत आधींच जमलेले आहेत.

आणि वर्ष संपतांना, पदग्रहणाच्या सभेंत, मावळत्या अध्यक्षानें आपण काय काय वाटलें याची यादी वाचण्याऐवजीं तीन आंकडे वाचावे: जूनमध्यें त्या शाळेंत किती मुलें होतीं, मार्चमध्यें किती उरलीं, आणि जीं गेलीं तीं कोठें गेलीं. ते आंकडे चांगले असोत वा वाईट असोत, नव्या अध्यक्षानें ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावे. असा वृत्तान्त ज्या मंडळाकडून येईल, त्यास वर्तमानपत्रांनीं छायाचित्राविनाच पहिल्या पानावर जागा द्यावी.