कोंबडी खाद्यातील एन्झाइम : एफसीआर शेतकऱ्याचा, मग माहिती कंपनीकडेच का?

डिंभे धरणाखालच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात ऊस, कांदा, टोमॅटोच्या जोडीला ब्रॉयलर कोंबडीपालनाने चांगला जम बसवला आहे. यातले बरेच कोंबडीपालन करारावर चालते. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. बॅच उचलल्यावर किलोमागे किती पैसे मिळणार, यात एफसीआरचा, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले याचा, मोठा वाटा असतो. हा आकडा खाद्यातील एन्झाइमवरही अवलंबून असतो. त्यामुळे पोत्यात कोणते एन्झाइम आहे आणि किती, हे शेतकऱ्याला कळलेच पाहिजे.

एन्झाइम काय करतात?

एन्झाइम म्हणजे पचनाला मदत करणारी प्रथिने. मका आणि सोयापेंडीतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. कोंबडीला तो नीट पचवता येत नाही. फायटेज हे एन्झाइम तो मोकळा करते. मग खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट कमी घालावे लागते. झायलॅनेज धान्यातील तंतुमय भाग फोडते, तर प्रोटिएज प्रथिने पचवायला मदत करते. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्यापासून खाद्यात तांदळाचा कोंडा, डीडीजीएस असे पर्याय वापरले जातात. त्यात तंतुमय भाग जास्त असल्याने एन्झाइमची गरजही वाढते.

हिशेबात फरक किती?

समजा, पाच हजार पक्षी दोन किलोचे झाले. एफसीआर १.६० असेल तर १६ हजार किलो खाद्य लागते, १.५५ असेल तर साडेपंधरा हजार. फरक ५०० किलोंचा, म्हणजे ५० किलोच्या दहा पोत्यांचा. आकडा बिघडला की शेतकऱ्याच्या व्यवस्थापनावर बोट ठेवले जाते. उष्णता, आजार, ओली गादी ही कारणे असतातच. पण खाद्यही कारण असू शकते. ते तपासायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

एन्झाइम घातले की काम झाले?

नाही. गोळीखाद्य तयार करताना ८० ते ९० अंश सेल्सिअसची वाफ लागते. साधे एन्झाइम त्यात निकामी होऊ शकते. म्हणून उष्णता सोसणारे एन्झाइम वापरावे लागते किंवा गोळी थंड झाल्यावर वरून फवारावे लागते. दमट जागी पोती महिनाभर पडून राहिली तरी एन्झाइमचा जोर घटतो. शिवाय खाद्याच्या सूत्रात मका-सोया कमी करून सगळी भिस्त एन्झाइमवर ठेवली आणि ते काम करेनासे झाले, तर पक्ष्याला पोषणच कमी पडते.

ग्राहकाने घाबरावे का?

एन्झाइम म्हणजे हार्मोनही नाही आणि प्रतिजैविकही नाही. इतर प्रथिनांसारखे ते पोटात पचून जाते. काळजी करायची तर ती प्रतिजैविकांच्या गैरवापराची. कोलिस्टिन या औषधाच्या पशुखाद्यातील वापरावर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. एन्झाइमचा एक फायदा शेतालाही होतो. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून कोंबडखतात जातो, आणि जास्त झालेले खत पावसात ओढ्या-नाल्यांत उतरते. नेदरलँडमध्ये १९९१ साली फायटेज बाजारात आले, त्यामागे हीच चिंता होती.

काय व्हायला हवे?

पोत्यावर एन्झाइमचे नाव, त्याचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख छापावी. फायटेजचे प्रमाण एफटीयू या एककात मोजतात आणि ते प्रयोगशाळेत तपासता येते. दुसरे म्हणजे, प्रत्येक बॅचच्या खाद्याचा मोहोरबंद नमुना शेतकऱ्याकडे राहावा आणि वाद झाल्यास तपासणी कोणाकडे व कोणाच्या खर्चाने, हे करारातच लिहिलेले असावे.

सूत्र उघड झाले तर स्पर्धक त्याची नक्कल करतील, अशी अडचण कंपन्या सांगू शकतात. पण इथे संपूर्ण सूत्राची मागणी नाही. ज्या घटकामुळे शेतकऱ्याचे पैसे कमी-जास्त होऊ शकतात, तेवढ्याच घटकाची माहिती हवी आहे. एफसीआर बिघडल्याचा भुर्दंड शेतकऱ्याने सोसायचा असेल, तर पोत्यात काय आहे हे विचारण्याचा हक्कही त्याचाच आहे.