पोटाचा साचा : दृष्टीला नको, चटक्याला घाबरा

आठव्या महिन्यात पोटाचा प्लास्टरचा साचा काढून भिंतीवर लावायचा म्हटलं, की घरात सूर निघतो : "दृष्ट लागेल! शोभतं का हे?" डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगते, भिंतीवरच्या साच्याने बाळाला काहीही होत नाही. ज्या पोटासाठी डोहाळजेवणात चारचौघींसमोर ओटी भरता, त्याच्या आकाराची लाज कसली?

खरा धोका वेगळाच आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं. थर जाड असेल तर ६० अंशांपर्यंत. २००७ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात घातले आणि बहुतेक बोटं गमावली.

म्हणून पावडर कालवून पोटावर थापू नका. हाड मोडल्यावर वापरतात ती प्लास्टरची पट्टी घ्या. आधी भरपूर व्हॅसलिन लावा, थर तीन-चारच द्या. उताणं झोपू नका, टेकून बसा. नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येऊ शकते. चटका जाणवला की लगेच काढा.

घरातल्या मोठ्यांनो, दृष्ट नंतर काढा. आधी प्लास्टर किती तापलंय ते बघा!