गॅस गळतोय का? काडी नको, फेस घ्या

‘शेगडीची बटणं बंद असतात, तरी सिलिंडरपाशी मंद वास येतो. तो नेमका कुठून येतो हे शोधायचं कसं?’ असं एका भगिनीने विचारलं आहे. पुढे लिहिलंय, ‘सासूबाई काडी ओढून रेग्युलेटरजवळ धरतात. ज्योत भडकली नाही, म्हणजे सारं ठीक, असं त्या म्हणतात.’

पंपाच्या स्टोव्हवर निम्मं आयुष्य काढलेल्या बायकांना ज्योतीची भीती वाटत नाही, हे खरं. पण सासूबाईंना प्रेमाने सांगा, की ही काडी आजपासून बंद. गळती नसेल तर काडी काही सांगत नाही, आणि असेल तर सांगायला कुणी उरत नाही.

मग शोधायचं कसं? हे पंक्चरवाल्याकडून शिकावं. त्याच्याकडे दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. रात्री भरून ठेवलेली टाकी सकाळी रिकामी झाली, की तो ती पुन्हा भरतो आणि सांध्यांवर, खालच्या तोटीवर, नळीच्या टोकांवर साबणाचं पाणी लावतो. जिथे हवा निसटते तिथे बुडबुडा फुगतो. मग आधी टाकीतली सगळी हवा सोडून देतो, सांधा उघडतो, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून घट्ट बसवतो आणि टाकी भरून पुन्हा फेस लावून बघतो.

यातल्या तीन गोष्टी आपण उचलायच्या. गळती फेसाने शोधायची, आत दाब असताना सांधा उघडायचा नाही, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा फेस लावून खात्री करायची. मधली गोष्ट फार महत्त्वाची. पंक्चरवाला हवा सोडून देऊ शकतो, आपल्याला सिलिंडरमधला गॅस घरात सोडून देता येत नाही. म्हणून सिलिंडरच्या तोंडातलं काहीही दुरुस्त करणं हे आपलं काम नव्हेच. तिथे पाना, सुई, चिमटा काही घालायचं नाही.

आता कृती. ही फक्त मंद वासासाठी आहे, बरं का! घमघम वास असेल तर शोधत बसायचं नाही. त्याचं पुढे सांगते. खिडक्या-दारं उघडा. देवापुढचा दिवा, उदबत्ती शांत करा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचा पातळ साबण ढवळून फेस करा. शेगडीची सगळी बटणं बंद आणि रेग्युलेटर मात्र चालू, अशा स्थितीत जुन्या मऊ ब्रशने एकेका जागी फेस लावा नि अर्धा मिनिट टक लावून बघा. नुसता फेस बसून राहिला तर ठीक. एखादा बुडबुडा फुगत राहिला, फुटून पुन्हा आला, तर तिथेच गळती.

क्रम असा ठेवा: रेग्युलेटर सिलिंडरवर बसतो तो सांधा, रेग्युलेटरला नळी जोडली आहे ते टोक, संपूर्ण नळी, नळीचं शेगडीकडचं टोक, शेगडीची बटणं. शेवटी सिलिंडरचे जोड आणि बूड. एक गळती सापडली म्हणून थांबू नका, सगळ्या जागा पाहून घ्या. मग रेग्युलेटर बंद करून फेस ओल्या फडक्याने पुसून टाका.

बुडबुडा नळीवर किंवा तिच्या टोकाशी आला, तर रेग्युलेटर सिलिंडरवरून काढून ठेवा आणि नळी बदला. चिकटपट्टी गुंडाळून किंवा तुकडा जोडून चालवू नका. आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या. ती दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ५ वर्षांनी बदलायची. नळीवर कापडाचा किंवा प्लॅस्टिकचा गिलाफ घालण्याची हौस नको. भेग पडली, उंदराने कुरतडली, तरी आत दिसत नाही.

बुडबुडा रेग्युलेटरच्या बुडाशी आला, तर तो एकदा काढून ‘टक्’ आवाज होईपर्यंत नीट बसवा आणि पुन्हा फेस लावा. तरीही आला, तर आतली रबरी कडी खराब झालेली असू शकते. रेग्युलेटर काढा, सिलिंडरच्या तोंडावर टोपी घट्ट बसवा आणि एजन्सीला कळवा. ही टोपी दोरीने सिलिंडरला बांधलेली असते. दोरी तोडून टोपी फेकू नका, गळतीच्या वेळी तीच उपयोगी पडते. शेगडीच्या बटणातून गळत असेल, तर रेग्युलेटर बंद ठेवून शेगडी दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आता घमघम वासाचं. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. पण आपलं नाक फसवं. सर्दीत वास येत नाही आणि सतत येणाऱ्या वासाला नाक सरावतं. म्हणून बाहेरून आलेलं मूल ‘आई, वास कसला गं?’ म्हणालं, तर ‘काही नाही रे’ म्हणू नका.

हा गॅस हवेपेक्षा जड. तो ओट्याखाली, फरशीलगत साचतो. वरची झडप उघडून भागत नाही, दारं सताड उघडावी लागतात. सिलिंडर बंद कपाटात किंवा जमिनीच्या पातळीखाली ठेवू नये, तो याचसाठी. (ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे, त्यांच्याकडे उलट. तो हलका असल्याने छताकडे साचतो.)

दिवा किंवा पंखा लावू नका आणि लागलेला बंदही करू नका. बटण दाबतानाची ठिणगी पुरेशी असते. फ्रिज उघडू नका, घंटी वाजवू नका, मोबाइल घरात वापरू नका. हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा, मुलांना नि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा आणि अंगणात किंवा रस्त्यावर जाऊन १९०६ वर फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

नवा सिलिंडर घेताना थोडा वेळ द्या. सिलिंडरवाला घाईत असला तरी त्याच्यासमोरच सील पाहा, तोंडाची गळती तपासून घ्या, वजन करून घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावर लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन. म्हणजे १५.३ लिहिलं असेल, तर २९.५ भरलं पाहिजे. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती मुदत टळलेला सिलिंडर परत पाठवा. त्यात संकोच कसला?

आणि एक. हे सगळं तुम्हा एकटीला येऊन उपयोग नाही. वास येतो तेव्हा घरात कोण असेल, सांगता येतं का? खालच्या ओळी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. सासूबाई, मोठी मुलं, कामाच्या बाई आणि हो, यजमानांनाही एकदा वाचून दाखवा.

• मंद वास : खिडक्या उघडा, साबणाचा फेस लावा. काडी कधीही नको.
• घमघम वास : बटणांना हात नको. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर.
• बाहेर गेल्यावर फोन : १९०६.
• नळी बदलण्याची पुढची तारीख : ………