गुत्ता, पब आणि दूधकट्टा

10 जून 2025 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरील उत्पादन शुल्क वाढविले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाले, देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे 180 रुपयांवरून 205 रुपये झाले, आणि या वाढीतून वर्षाकाठी सुमारे 14,000 कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब मांडण्यात आला. ज्या राज्यात दारू पिण्यासाठी कायद्याने आजही परवाना लागतो आणि ज्या देशाच्या राज्यघटनेचे 47 वे कलम मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे शासनाचे कर्तव्य मानते, त्या राज्याच्या अंदाजपत्रकाला आता बाटलीचा टेकू लागतो. यातील विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही: दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी बसावे कोठे?

दारूच्या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन बाजू ठरून गेल्या आहेत. एक बाजू बंदीची. 1974 मध्ये वर्धा, 1993 मध्ये गडचिरोली आणि 2015 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. त्यांपैकी चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये सरकारनेच उठविली आणि अवैध दारूचा सुळसुळाट हे त्याचे एक कारण सांगितले. दुसरी बाजू महसुलाची आणि बाजारपेठेची. 27 जानेवारी 2022 रोजी सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तो या दुसऱ्या बाजूचा. त्याला विरोध इतका झाला की त्या सरकारच्या कारकिर्दीत तो अंमलात आलाच नाही. या दोन्ही बाजू एकमेकींच्या कट्टर विरोधी दिसतात. पण दोघींचीही दृष्टी बाटलीवर खिळलेली आहे. एकीला ती फोडावयाची आहे, दुसरीला ती विकावयाची आहे. बाटलीपलीकडच्या माणसाची संध्याकाळ कोणाच्याच हिशेबात नाही.

गुत्त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात माणूस बसावयास जात नाही; तो उतरावयास जातो. जाळीच्या खिडकीतून पैसे आत सरकवायचे, बाटली घ्यायची, उभ्या उभ्या घशाखाली ओतायची आणि निघायचे. तेथे गप्पा नाहीत, वर्तमानपत्र नाही, शेजाऱ्याची विचारपूस नाही. मालकाच्या दृष्टीने जो जितक्या लवकर पिऊन बाहेर पडेल तितका तो चांगला गिऱ्हाईक. आणि ही दारू येते कोठून? ती येते साखर कारखान्याच्या मळीतून. कोल्हापूरसारख्या उसाच्या जिल्ह्याला हे सांगावयास नको. ऊसतोडणी कामगाराने तोडलेल्या उसाची साखर एका वाटेने जाते, मळी आसवनीत जाते, आणि शेवटी तीच मळी बाटलीत भरून त्याच कामगाराला विकली जाते. मजुरीचा रुपया असा गोल फिरून धन्याकडे आणि सरकारकडे परततो. गुत्ता ही विश्रांतीची जागा नव्हे. मजुरी वसूल करण्याची ती चौकी आहे.

मग माणूस सगळीकडे असाच पितो काय? इंग्लंडमधील जुन्या वस्त्यांतले पब पाहिले तर उत्तर नकारार्थी येते. पब हा शब्दच मुळी ‘पब्लिक हाउस’ या शब्दाचा संक्षेप आहे. म्हणजे सार्वजनिक घर. जुन्या वळणाच्या अशा एखाद्या पबात गेलेल्या माणसाला लाकडी फळीवर हातपंपाच्या मुठी दिसतात. मालक वा मालकीण ती मूठ ओढते तेव्हा खाली तळघरातल्या पिंपातून एल नावाची बिअर वर येते. तिला तेथे ‘रिअल एल’, म्हणजे खरी एल, म्हणतात. खरी अशासाठी की ती पिंपात असतानाही जिवंत असते: तिच्यातील यीस्ट मारलेले नसते, पिंपातच तिचे आंबणे पुरे होते, आणि वर आणण्यासाठी तिच्यात बाहेरचा वायू कोंबलेला नसतो. पिंप उघडले की ते थोड्याच दिवसांत संपवावे लागते. म्हणून ती राखणाऱ्याला तळघर थंड ठेवावे लागते, नळ्या धुवाव्या लागतात, रोजचे गिऱ्हाईक किती हे ओळखावे लागते. आणि गिऱ्हाईक एक पेला घेऊन तासभर बसते. गल्लीतले लग्न, कारखान्यातला संप, फुटबॉलचा सामना, नगरपालिकेची निवडणूक, सगळे त्या पेल्याभोवती बोलले जाते.

गेल्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात हे सारे नाहीसे होण्याच्या मार्गावर होते. सहा मोठ्या कंपन्यांनी लहान लहान मद्यनिर्माते गिळंकृत केले आणि देशातले हजारो पबही आपल्या मालकीचे करून घेतले. या कंपन्यांना जिवंत एल परवडत नव्हती. तिला कसब लागते, ती लांब पाठविता येत नाही, ती साठवून ठेवता येत नाही. त्यांनी गाळलेली, तापवून निर्जीव केलेली आणि वायू भरलेली बिअर सर्वत्र एकाच चवीने विकावयास आरंभ केला. 1971 मध्ये चार तरुणांनी याविरुद्ध ग्राहकांची एक संघटना काढली. ‘कॅमरा’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. पुढे तिची सभासदसंख्या लाखाच्या वर गेली. एका पेयाच्या चवीसाठी चाललेली ही चळवळ वरवर चैनीची वाटेल. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रत्येक समाजवाद्याच्या ओळखीचा आहे: लोकांनी काय प्यावे, कोठे बसावे आणि कोणाच्या सोयीने जगावे हे ठरविणार कोण?

या चळवळीचे यश जितके बोधप्रद आहे तितकेच तिच्यापुढचे नंतरचे संकटही. 1989 मध्ये ब्रिटिश सरकारने मोठ्या मद्यनिर्मात्यांच्या ताब्यातील पबांवर मर्यादा घातली. मक्तेदारी मोडावी हा हेतू होता. झाले असे की त्यांनी सोडलेले पब सामान्य माणसाकडे न येता जमीनजुमल्याचा धंदा करणाऱ्या नव्या कंपन्यांकडे गेले. जुनी मक्तेदारी गेली, नवी आली. मालकी खासगीच ठेवून केवळ मालक बदलला तर काय होते याचा हा धडा होय. याच्या नेमके उलट उदाहरण कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्याचे आहे. 2003 मध्ये तेथील लोकांनी सहकारी संस्था काढून ‘ओल्ड क्राऊन’ हा आपला पब विकत घेतला. पुढे 2011 च्या कायद्याने इंग्लंडमधील वस्त्यांना असा हक्क मिळाला की आपल्या उपयोगाची वास्तू यादीत नोंदवून घ्यावी आणि ती विक्रीस निघाली तर बोली लावण्यासाठी मुदत मागावी. वस्तीच्या बैठकीची जागा ही मालमत्ता नसून वस्तीची ठेव आहे, हे तत्त्व तेथे कायद्यात आले.

इंग्लंडमधील मजूर चळवळीत पबाविषयी एकमत कधीच नव्हते हेही लक्षात ठेवले पाहिजे. केअर हार्डी हा मजूर पक्षाचा आद्य नेता मद्यपानाचा कडवा विरोधक होता. 1862 मध्ये कामगारांच्या क्लबांचा संघ स्थापन करणारा हेन्री सॉली हा धर्मोपदेशकही मद्यविरोधीच होता. कामगाराला पबाखेरीज बसण्याची दुसरी जागा मिळावी म्हणूनच त्याने ते क्लब काढले. काही वर्षांतच कामगारांनी तेथे बिअर आणविली आणि सॉलीचा तेवढा हेतू पराभूत झाला. पण जागा टिकली. माणूस जागेसाठी येतो आणि जागा त्याच्या हाती आली की ती तो आपल्या मताने चालवितो, हे सॉलीच्या अनुभवाचे सार आहे.

हा सगळा विषय कोल्हापूरच्या मंगळवार पेठेला परका वाटण्याचे कारण नाही. या पेठेत मिरजकर तिकटीला आणि तिकडे गंगावेशीत संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळलेले, अजून कोमट असलेले निरसे दूध पेल्यात भरून हातात देतो. तालमीतून घाम पुशीत आलेला पैलवान, दुकान बंद करून निघालेला नोकर, रिक्षावाला, विद्यार्थी, सगळे त्याच कट्ट्यावर उभे असतात. खासबागेचे कुस्ती मैदान जवळ आहे, शाहू स्टेडियम जवळ आहे. तेव्हा बोलणे कुस्तीचे आणि फुटबॉलचे निघते, पाटाकडील तालमीचे निघते, आणि तेथून महानगरपालिकेवर आणि उसाच्या दरावर जाते. इंग्लंडच्या जिवंत एलचे जे गुण ते धारोष्ण दुधाचे आहेत. ते दूर पाठविता येत नाही, साठविता येत नाही, एकाच ठशाचे करता येत नाही. ते जेथे निघते तेथेच प्यावे लागते. म्हणून ते पिण्यासाठी माणसाला घरातून बाहेर पडून चार माणसांत यावे लागते. फरक इतकाच की या पेल्याने कोणाचा संसार बुडत नाही.

एकत्र बसून पिण्याला या शहरात आणखी एक अर्थ आहे. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच. पण गंगारामांना स्वतंत्र धंदा काढावयास सांगून भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल सुरू करून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास कोणी येईना तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. 26 जुलै 1902 रोजी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढणाऱ्या राजाला हे ठाऊक होते की हुकुमाने नोकरी देता येते. पण कोणाच्या शेजारी बसून कोणाच्या हातचे प्यायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय समता घरात शिरत नाही. सार्वजनिक पेयगृहाची याहून मोठी व्याख्या इंग्लंडच्या इतिहासातही सापडणार नाही.

दूधकट्ट्याचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. निरशा दुधातून क्षय आणि ब्रुसेला यांसारखे रोग संभवतात. दूध तापविण्याचे शास्त्र ही भांडवलदारांची क्लृप्ती नव्हे. 1963 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, खेड्यापाड्यातील शेतकऱ्याच्या दुधाला हक्काची बाजारपेठ दिली, तीही तापविलेल्या आणि पिशवीबंद दुधाच्या जोरावरच. कट्टा आणि पिशवी यांचे वैर लावण्यात अर्थ नाही. दुसरे असे की पब काय, तालीम काय, कट्टा काय, या जागा मुख्यत्वे पुरुषांच्याच राहिल्या. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना फळीजवळ उभे राहून पेय मागण्याची मुभा नव्हती. एक वकील आणि एक पत्रकार अशा दोघी स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि 1982 मध्ये तो निर्बंध बेकायदा ठरला. घरकाम करून, विड्या वळून, मोलमजुरी करून थकलेल्या स्त्रीची संध्याकाळ कोठे जाते हा प्रश्न तर अद्याप नीट विचारलाही गेलेला नाही.

तरीही कट्टा राखला पाहिजे, आणि तो आपोआप राहणार नाही. शहरात गोठ्याला जागा उरली नाही, वैरण आणि पेंड महागली, रस्त्यावर वाहनांची गर्दी वाढली. गवळ्याचा मुलगा हा धंदा पुढे चालविणार की नाही हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. एके दिवशी कट्टा बंद पडेल तेव्हा कोणी मोर्चा काढणार नाही. कारण कोणताही मालक तो बंद पाडणार नाही, तो फक्त नाहीसा होईल. आणि त्या कोपऱ्यावर उद्या काय उघडेल, हे सांगावयास भविष्यवेत्ता नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे एकाच वेळी हाती घेतली पाहिजेत. प्रभागातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करविण्याचा जो हक्क आहे, ज्याला लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात, तो बजावण्यास त्यांना साहाय्य करणे हे पहिले काम. त्याच प्रभागात बसण्याची दुसरी जागा उभी करणे हे दुसरे. महानगरपालिकेकडे मागण्या स्पष्ट हव्यात. शहराच्या आराखड्यात असे कट्टे सार्वजनिक जागा म्हणून नोंदविले जावेत. तेथे पाण्याचा नळ, सांडपाण्याची सोय आणि दिवा असावा. कट्ट्यावर येणाऱ्या जनावरांची पशुवैद्यामार्फत ठराविक मुदतीने मोफत तपासणी व्हावी. निरसे नको असणाऱ्याला तेथेच तापविलेले दूध मिळावे. स्त्रियांना निर्धास्तपणे बसता येईल अशी व्यवस्था असावी. आणि ही जागा कोणा ठेकेदाराच्या घशात न जाता गवळ्यांच्या सहकारी संस्थेच्या हाती राहावी.

मागणी लहान आहे, हे खरे. 14,000 कोटींच्या महसुलापुढे एका नळाची आणि एका दिव्याची मागणी कोणाला हास्यास्पदही वाटेल. परंतु बंदीचा हुकूम आणि कराची पावती या दोहोंनीही गुत्ता हटलेला नाही, हा पन्नास वर्षांचा अनुभव समोर आहे. गुत्त्यासमोर रिकामा रस्ता उभा करून भागणार नाही. त्याच्यासमोर भरलेला कट्टा उभा करावा लागेल, आणि ते काम सरकारच्या तिजोरीवर नव्हे, पेठेतल्या माणसांवर आणि त्यांच्यात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांवर अवलंबून आहे.