गनिमी कावा म्हणे!

गोव्याला जाऊन आलेला एखादा तरी मित्र 'सी वुल्व्ज'ची गोष्ट सांगतोच. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले मध्यमवयीन इंग्रज साहेब गाळ वाहणाऱ्या बार्जमधून मुरगाव बंदरात शिरले आणि 'एहरेनफेल्स' या जर्मन मालवाहू जहाजावर चढले. कप्तानासह काही जर्मन मेले. उरलेल्या खलाशांनी जहाज स्वतःच बुडवलं. शेजारची दोन जर्मन आणि एक इटालियन जहाजंही त्यांच्याच खलाशांनी पेटवली. १९८० साली सिनेमा आला, ग्रेगरी पेक, रॉजर मूर वगैरे. गोष्ट संपली की मित्र म्हणतो, "हा तर आपलाच गनिमी कावा!"

नाही हो मंडळी, अजिबात नाही.

मी राजुरीचा. आमच्या शेजारचं जुन्नर शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये रात्री शिड्या लावून लुटलं. अंधार, बेसावध शत्रू, सगळं होतं. पण जुन्नर मोगलांचं होतं, आणि हे काम कोणाचं ते औरंगजेबाला शोधत बसावं लागलं नाही.

बंदरावरच्याच हल्ल्याचं उदाहरण हवं? पिनांग घ्या. 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेचा धंदाच व्यापारी जहाजं पकडायचा, बुडवायचा. २८ ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे खोटं चौथं धुराडं लावून ती ब्रिटिशांच्या या बंदरात घुसली. पण तोफा डागण्याआधी तिने जर्मन झेंडा चढवला आणि मगच रशियन क्रूझर 'झेमचुग' बुडवली. फसवलं खरं, पण शत्रूच्या बंदरात, आणि शेवटी नाव सांगून.

मुरगाव पोर्तुगालचं, म्हणजे तटस्थ. तिथे ना झेंडा, ना नाव. जहाजावरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जात होते म्हणे. असतीलही. मग तटस्थता आधी जर्मनांनी मोडली, कबूल. पण मग "होय, आम्ही हल्ला केला" असं सांगा ना! छे. १९७८ मध्ये जेम्स लीसर यांचं पुस्तक येईपर्यंत, तब्बल ३५ वर्षं, सगळं गुलदस्त्यात.

रात्री गुपचूप प्रॉडक्शन सर्व्हरवर बदल करून लॉग पुसणाऱ्याला आपण हीरो म्हणत नाही. मग इथेच टाळ्या कशाला? ज्यांच्या बंदरात ही जहाजं जळाली, त्या गोवेकरांनी जाब विचारायचा कोणाला?

सिनेमा जरूर बघा, मजा येते. हेरखात्याची कामगिरी म्हणून दादही द्या. 'गनिमी कावा' हा शब्द मात्र जरा जपून वापरा.