पारख म्हणजे कानस नव्हे

"असली छे, बेन." वडोद्यातल्या एका सराफानं हे सांगितलं तेव्हा माझ्या आजीचा रुपया त्याच्या तळहातावर होता, आणि नासून झाला होता.

रुपया तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांचा, 1890च्या दशकातला. एका बाजूला महाराजांचा चेहरा आणि नागरी अक्षरांत नाव. दुसऱ्या बाजूला तलवार, 'एक रुपया' आणि संवत. आजी गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "चांदी खरी आहे का, एकदा दाखवून तर घेऊ." सराफानं कडेवर कानस ओढली, खाचेत तेजाबाचा थेंब सोडला. थेंब ओघळून महाराजांच्या नावावर उतरला आणि तिथली अक्षरं खाऊन गेला. नाणं खरं ठरलं, आणि त्याच क्षणी नाणं म्हणून संपलं.

त्या सराफाला दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. आम्ही त्याला चांदीबद्दल विचारलं, त्यानं चांदीबद्दल सांगितलं. चूक प्रश्नात होती. "चांदी किती?" हा प्रश्न मोडीत काढायच्या पैंजणांना आणि तबकांना शोभतो. नाण्याला विचारायचं असतं ते वेगळंच: कुणी पाडलं, कुठे, कधी, कुणाच्या नावानं? पेशवाईतला अंकुशी रुपया घ्या. मजकूर फारसी, नाव मोगल बादशहाचं, आणि मराठी टांकसाळीची खूण म्हणजे एवढासा अंकुश. अठराव्या शतकातलं अख्खं राजकारण बोटाच्या पेरात मावलेलं. तो अंकुश घासला गेला की हातात उरते ती तोळाभराच्या आतली चांदी.

आपली भाषाही या धसमुसळेपणाला सामील आहे. आपण माणूस वाजवून घेतो, मैत्री कसाला लावतो, स्थळ घासूनपुसून बघतो. पण 'पारख' हा शब्द 'परीक्षा'तून आला आहे, आणि परीक्षा म्हणजे परि अधिक ईक्ष्: सर्व बाजूंनी पाहणं. ठोकणं, घासणं, जाळणं त्यात कुठेच नाही.

सराफाच्या कानशीपेक्षा मोठा संहार घरात होतो, आणि तोही भक्तिभावानं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबा उघडतो, आणि राणीछाप रुपयांना चिंच, राख, रांगोळी नाहीतर दंतमंजन लावून लख्ख केलं जातं. चांदीवरचा काळसरपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो थर बनतो. म्हणजे त्या थरात नाण्याचीच चांदी असते. तो खरवडला की चांदी जाते, आणि चरचरीत पुडीनं आणखी जाते. सगळ्यांत आधी जातात ते उंचवट्यावरचे बारकावे: केसांच्या बटा, मुकुटाची नक्षी, झग्यावरचं भरतकाम.

हे बारकावे किती मोलाचे, ते पंचम जॉर्जच्या 1911च्या रुपयावर पाहा. राजाच्या गळ्यातल्या पदकमाळेत एक हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारला नक्षी बदलावी लागली, आणि 1912पासून सुधारलेला हत्ती आला. ही सगळी कथा नखाएवढ्याही नसलेल्या जागेत आहे. दहा दिवाळ्या घासलेल्या रुपयावर ना हत्ती उरतो, ना डुक्कर. देवापुढचं नाणं काळं कसं ठेवायचं, असं विचारणाऱ्यांनी पूजेसाठी नवं नाणं घ्यावं आणि ते हवं तेवढं घासावं.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो: जुन्या सराफांनीही नाण्यांवर छाप मारलेच ना? मारले. आहत नाण्यांवर ते आहेत, मोगल आणि मराठा रुपयांवर आहेत. 1906मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती. पण तो घाव म्हणजे जेत्यानं पराभूताच्या मजकुरावर लिहिलेला आपला मजकूर. सराफाचा छापही चालत्या पैशावरची साक्ष होता: हे नाणं माझ्या हातून गेलं, मी हमी देतो. आजच्या कानशीच्या खाचेत कुणाची हमी आहे? ती फक्त घाई आहे.

चाचणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. बाजारात बनावट नाणी भरपूर आहेत. पण ओरखडाही न उठवता पारखता येतं. 1835नंतरचा कंपनी आणि राणीछाप रुपया मुळात 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी बारा भागांत अकरा भाग. नेमक्या काट्यावर आधी वजन करा. मग दोऱ्यानं पाण्यात बुडवून पुन्हा वजन घ्या. पहिल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकानं भागलं की घनता मिळते. या चांदीची घनता सुमारे 10.3, तर चांदीचा मुलामा दिलेलं पितळ साडेआठाच्या आसपासच राहतं. क्ष-किरणांनी धातू तपासणारी यंत्रं आज कित्येक सराफांकडे आहेत. त्यांच्याकडे ती मागायची सवय ग्राहकाला नाही, एवढंच. आणि नाणं धरायचं ते दोन बोटांत, कडेनं. रबरबँड आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटांपासून ते दूर ठेवायचं, कारण रबरातलं गंधक ते काळं करतं आणि पाकिटातून सुटणारं रसायन त्यावर हिरवट चिकटा धरतं.

या अंकाचे वाचक एकाहून अधिक लिप्यांत वावरणारे. पोथीच्या समासातली टीप कुणी पुसली, तर आपण निषेधाची पत्रकं काढतो. मग फारसी, नागरी, इंग्रजी अक्षरं अंगावर वागवणारा मजकूर घरच्या देव्हाऱ्यात दरसाल खरवडला जातो, तेव्हा आपण गप्प का? भाषांतर करताना मला पदोपदी मोह होतो, मूळ ओळीतला खडबडीतपणा घासून ती चकचकीत करण्याचा. वाचक खूष होतो, आणि मूळ लेखकाची बोटं त्या ओळीवरून निघून जातात. आजीचा रुपया मी आता कामाच्या टेबलावर ठेवला आहे. त्यावरचं नाव अर्धंच वाचता येतं. घासायची ऊर्मी आली, की त्याच्याकडे पाहते आणि हात आवरते.