अभिजात कोण, अडाणी कोण?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. नाणेघाटचा शिलालेख आणि हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ यांचे दाखले व्यासपीठांवरून दिले गेले. आनंदच आहे. पण जव्हार तालुक्यातल्या वावरसारख्या गावातले वारली पोर शाळेत घरच्या बोलीत तोंड उघडते, तेव्हा त्याला ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावले जाते. दोन हजार वर्षांपूर्वीची लोकभाषा अभिजात आणि आजची अशुद्ध, हा कुठला न्याय?

संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोले. राणी, दासी, चाकर प्राकृत बोलत. भाषांची ही उतरंड माणसांच्या उतरंडीवरच बेतलेली होती. ती मोडणाराही एक राजा होऊन गेला. वावर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लेख प्राकृतात आहे. आपले म्हणणे रयतेला कळावे एवढी गरज त्या सम्राटाला वाटली. आमच्या पाठ्यपुस्तकांना ती कधी वाटणार?

हे आम्ही मुस्लिम मराठी लेखकांनी बोललेच पाहिजे. भाषेवरून परके ठरणे काय असते, हे आम्ही जाणतो. मराठीत लिहिले तरी ‘तुमची भाषा उर्दू ना?’ हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. त्या उर्दूची लिपी फारसी वळणाची, शब्दही पुष्कळ अरबी-फारसी. पण तिची क्रियापदे, तिचे व्याकरण शौरसेनी प्राकृताच्या कुळातले. दखनीने तर ‘नको’ आणि ठासून सांगणारा ‘च’ मराठीतूनच घेतला. उर्दू, मराठी, वारली या एकाच प्राकृत गोतावळ्यातल्या. मग त्यांतली एक परकी, एक अभिजात आणि एक अडाणी कशी ठरली?

1992 साली वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला कळले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. तिथल्या मुलांना भूक आहे हे तेव्हा उमगले. त्यांना भाषाही आहे, हे उमगायचे बाकी आहे. शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तेव्हा अभिजात दर्जाच्या निधीतला पहिला रुपया वारली, कातकरी, कोकणा बोलींतल्या पहिलीच्या पुस्तकावर खर्च व्हावा, आणि त्या वर्गावर त्या बोली जाणणारा शिक्षक नेमावा. तेवढे होईपर्यंत प्राकृतच्या गौरवाची भाषणे आवरती घेतलेली बरी.